नानांच्या गाडीची कुई

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय न्हाई. एकदाच घेते, पुन्हा इचारू नका. चिमाजी. झालं. पासलीपासून वेल्ह्यापर्यंत लहानथोर सगळी त्यांना नाना म्हनत्यात, तवा मी बी हितं नानाच म्हननार.

नाना पासली ते वेल्हे जीप चालवत्यात. एसटी हाय, न्हाई असं न्हाई, पर ती तिच्या मनाची. आली तर आली. नानांची जीप मातर सकाळी खिंडीतनं खाली उतरनार म्हंजी उतरनार. तहसीलला चकरा मारनारी मानसं, दवाखान्याची मानसं, कॉलेजच्या पोरी, तांदळाची पोती, कुनाची आजारी शेळीसुदिक, सगळं त्या एका जीपमदी. धुकं असू दे न्हाईतर रस्ता वाहून गेलेला असू दे, बाया आपल्या लेकी ह्यांच्या गाडीत बसवून निवांत घरी जायच्या. हे नाव काय एका दिसात झालेलं न्हाई. तरुनपनी भोरला ट्रकवर किन्नर, म्हंजी क्लीनर, म्हनून ऱ्हायले, ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या, मग एक जुनी जीप घेतली, ती मोडून ही घेतली. स्टिअरिंग सोडलं तर नानांना दुसरं काय येत न्हाई. भात लावायला खाचरात उतरले तर बाया तोंडाला पदर लावून हसत्यात. चहा करायला सांगितला तर दूध उतू घालवनार. पर त्या सीटवर बसले की मानूस रुबाबदार दिसतो, हे मी बायको असून सांगते.

आता मानूस कसा म्हनाल, तर संशयी. वाईट न्हाई, संशयी. दोन्हींत फरक हाय, पर तो कळायला त्यांच्यासंगं संसार करावा लागतो.

मला बघायला हिर्डोशीला आले तवा पोहे खाऊन झाल्यावर म्हनाले, मुलीला आडावरनं एक घागर आनू द्या. का, तर पाय अधू असंल आन लुगड्यात झाकला असंल. माझा बाप लाल झाला. म्या निमूट घागर आनली, ह्यांच्या म्होरं आदळली आन इचारलं, दारात उभी केलीय ती जीप तुमची हाय का कुनाची मागून आनलीय. नाना उठले, जीपमदनं गाडीचे कागद घेऊन आले आन माझ्या हातात दिले. मला वाचता येतं हे बी त्यांना तवाच कळलं. लग्न तितंच ठरलं म्हना ना.

तर असा मानूस. दुधात बोट बुडवून बघनार. पंपावर डिझेल भरताना मीटरपाशी नाक लावून उभं ऱ्हानार. डॉक्टरनं सुई काढली की पाकीट कुठलं म्हनून इचारनार. स्टँडवर चार मानसं हसली की ह्यांच्या मनात पाल चुकचुकलीच. मला ह्याची सवय झाली होती. मी तर थट्टा करायची, म्हनायची, देवानं तुमाला पाठीवर बी डोळे द्यायला पायजे होते.

पर मागच्या दोन-तीन वर्सांत हे लईच वाढलं. घरात आमी बोलायला लागलो की ह्यांचा चेहरा बदलायचा. आमची लेक नूतन भोरला दिलीय. ती माहेरी आली की आमी मायलेकी चुलीपाशी बसायचो, आन हे दारात येऊन उभे. म्हनायचे, काय कुजबूज चाललीय माझ्याबद्दल? आता तुमीच बघा. आमी दोघी बोलायला लागलो की आंगनातल्या कोंबड्या उठून जात्यात, आन हा मानूस म्हनतो कुजबूज. नूतन एकदा रडत भोरला गेली. म्हनाली, आई, बाबांना मी आलेली आवडत न्हाई.

आन दुसरं म्हंजी, हाक मारली की उत्तर न्हाई. मी परसातनं हाक मारतेय, मारतेय, आन हे ओट्यावर तंबाखू मळत बसल्यात, मान बी वळवत न्हाईत. माझं डोस्कं फिरायचं. बरं, गाडीत सगळं ऐकू येतं. पार मागच्या सीटवरनं कुनी म्हनलं, नाना, फाट्यावर थांबा, तर नाना थांबनार. वर त्या मानसाच्या बोलन्याला उत्तर देनार, मस्करी करनार. म्हंजी सगळ्या गावाचं ऐकू येतं आन बायकोचं तेवढं येत न्हाई. मग बायकोनं काय समजायचं? मी बी बोलनं कमी केलं. ताट वाढायचं, बाजूला व्हायचं. तुमी मोठे, तर मी बी लहान न्हाई.

ह्या सगळ्यात गाडीचा आवाज सुरू झाला.

पयल्यांदा बोलल्या त्या शाळेच्या पद्मजाबाई. भोरच्या, वेल्ह्यात खोली घेऊन ऱ्हात्यात, रोज नानांच्याच गाडीनं पासलीच्या शाळेत येत्यात. त्या म्हनाल्या, नाना, गाडी कुईकुई करतेय का हो, कुत्र्याचं पिल्लू अडकल्यासारखी? नाना म्हनाले, न्हाई. झालं, तितं विषय संपला. पर दुसऱ्या दिशी मागची म्हातारी तेच म्हनाली. मग पोरी म्हनाल्या. मी बाजाराला गेले तवा म्या सोता ऐकलं. गाडी वेग घेईल तसा आवाज चढायचा, बारीक, लांबलचक, दात आंबनारा. गिअर बदलला की उतरायचा, पुन्हा चढायचा. म्या म्हनलं, अवो, हे काय वाजतंय? नानांनी आरशातनं माझ्याकडं असं बघितलं की जनू मीच वाजतेय.

घरी आल्यावर म्हनाले, तुला बी शिकवलं व्हय त्यांनी?

त्यांनी म्हंजी गेनूनं. गेनू आमच्या भावकीतला, नानांपेक्षा लई लहान. त्यानं दिवाळीला नवी गाडी घेतली आन ती ह्याच रस्त्याला लावली. नानांनी तवापासनं त्याच्याकडं तिरकंच बघायला घेतलं होतं. आता त्यांच्या डोक्यात बसलं की गेनूनंच ही हूल उठवलीय. नानांची गाडी खिळखिळी झालीय, कुठंतरी खिंडीत घात करंल, असं मानसांच्या कानात भरवतोय, म्हंजी सगळी त्याच्या गाडीत जातील. आन खरं सांगते, मानसं जायला बी लागली होती. कुनी तोंडावर बोलायचं न्हाई. नानांची गाडी उभी असली तरी म्हनायची, आमाला जरा काम हाय, मागनं येतो. आन मागनं गेनूच्या गाडीतनं यायची. नाना खिंडीत गाडी बाजूला घेऊन बघायचे कोन कोन त्यात बसलंय. घरी येऊन जेवायचे न्हाईत. मला तेवढी एकच धास्ती होती. हा मानूस स्टिअरिंगवरनं उठला तर उरंल काय त्याच्यापाशी? ओटा आन तंबाखू.

म्हनून म्याच हट्ट करून त्यांना पप्पूकडं नेलं. पप्पूचं गॅरेज वेल्ह्यात, बाजाराच्या तोंडाशी. आमच्या गाडीचं सगळं तोच करतो. पप्पूनं गाडी चालू करून घेतली, बॉनेट उघडलं, वाकून कान दिला. मग बाटलीनं इंजिनम्होरच्या रबरी पट्ट्यावर थोडं पानी सोडलं. म्हनाला, पट्टा वाजत असंल तर पानी पडल्यावर जरा गप बसतो. आवाज गप बसला न्हाई. मग गाडी बंद करून पट्टाच काढला आन जराशी चालू केली. आवाज साफ गेला. म्हनाला, म्हंजी इंजिन चांगलं हाय, पट्टा ज्याला फिरवतो त्यातलं कायतरी वाजतंय. मग एकेक चाक हातानं फिरवून बघितलं. बॅटरी चार्ज करनाऱ्या अल्टरनेटरचं चाक फिरवलं तवा ते खरखरलं. पट्टा पुन्हा चढवला, गाडी चालू केली, एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक अल्टरनेटरवर टेकवलं आन मूठ आपल्या कानाला लावली. म्हनाला, हितंच. बेरिंग गेलंय.

मग त्यानं मूठ नानांच्या कानाला लावली. नानांनी ऐकलं. म्हनाले, मला काय न्हाई येत.

पप्पू हसला. हसायला नको होतं. पप्पूला वाटलं नाना खर्च टाळत्यात. नानांना वाटलं पप्पू फसवतोय. पप्पूनं समजावून सांगितलं, ह्या अल्टरनेटरच्या मागंच ब्रेकचा हवेचा पंप हाय. बेरिंग धरलं, पट्टा तुटला, की पंप थांबला. मग ब्रेक दगडावानी घट्ट होनार, दोन्ही पायांनी दाबला तरी गाडी लवकर थांबायची न्हाई. खिंडीत उतारावर हे झालं तर? नाना म्हनाले, बरं बरं. आन गाडी घेऊन निघाले. वाटंत मला म्हनाले, बघितलंस, कसा घाबरवतोय? पट्टा काढला म्हंजी आवाज गेला म्हनतो. मला आदी बी येत न्हवता, नंतर बी न्हाई. काय गेलं मग?

पर माझ्या बी मनात आलं, इतकं छातीवर हात ठेवून बोलतोय मानूस, तर पप्पूचं खरं कशावरनं?

चार दिसांनी मला म्हनाले, चल, भोरला जाऊ. तितं मानसिंग म्हनून मेकॅनिक हाय, ट्रकवर असतानाचा वळखीचा. वाटंत मला बजावलं, तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. आवाज येतो म्हनायचं न्हाई, पप्पूचं नाव घ्यायचं न्हाई. बघू तो सोताहून काय सांगतो. मला साक्षीदार म्हनून नेलं होतं. नसरापूरवरनं भोरला पोचेस्तोवर ती कुई माझ्या डोक्यात घुसली, पर बोलायची बंदी. मानसिंगच्या दारात गाडी उभी ऱ्हायली. नाना उतरून म्हनाले, राम राम, सहज आलो. मानसिंगनं राम राम घालायच्या आदीच म्हनलं, गड्या, बेरिंग किती दिवस झालं वाजतंय?

मी नानांच्या तोंडाकडं बघितलं. कुनाचे बी डोळे उघडले असते. ह्यांनी काय केलं असंल? चहा घेतला, गाडी वळवली आन भोरच्या बाहेर आल्यावर म्हनाले, पप्पूनं मोबाईल केला असनार. हे सगळे गॅरेजवाले एकच.

म्या कपाळावर हात मारला.

मग गाडीत एक लाल दिवा लागायला लागला. बॅटरीचा. मदीच लागायचा, मदीच जायचा. गाडी सोता सांगत होती, बाबा, बघ माझ्याकडं. नानांनी त्याच्यावर बी भरवसा ठेवला न्हाई. एक दिवस माझ्या आरशावरची टिकली गायब झाली, आन ती सापडली कुठं, तर त्या दिव्यावर चिकटवलेली. म्हनाले, उगाच डोळ्यांत येतोय.

त्या दिशी मी गाडीतनं उतरले. पद्मजाबाई होत्या, दोन पोरी होत्या. सगळ्यांच्या समोर म्हनलं, ज्या गाडीचा दिवा झाकून चालवत्यात त्या गाडीत मी बसायची न्हाई आन ह्या लेकरांना बी बसू द्यायची न्हाई. पोरी उतरल्या. पद्मजाबाई खाली बघत उतरल्या. नाना एकटेच गाडी घेऊन गेले. मी फाट्यावर उभी ऱ्हाऊन रडले, रागानं आन दुसऱ्या बी कशानं. नवऱ्याची सीट म्या माझ्या हातानं रिकामी केली होती.

संध्याकाळी नाना घरी आले ते ठरवूनच आले. म्हनाले, रविवारी भंडारा.

आमच्याकडं हे अजून चालतं. बांधाचं भांडन असू दे, चोरीचा आळ असू दे, देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या म्होरं भंडारा ठेवायचा आन तो उचलून मानसानं बोलायचं. कोर्टात पान्यावानी खोटं बोलनारा मानूस भंडाऱ्याला हात लावताना दहा येळा इचार करतो. नानांचा हिशोब साधा होता. गेनूला आन पप्पूला घरी बोलवायचं, भंडारा पुढं करायचा. हात मागं घेतील, नजर चुकवतील, आन सगळं उघड पडंल. मग गावात मान वर करून सांगता येईल की गाडी चांगली हाय, मानसं खोटी हायती.

रविवारी दोघं आले. गेनूला वाटलं चहाला बोलवलंय, बिचारा बिस्किटाचा पुडा घेऊन आला. नानांनी देव्हाऱ्यापुढं पाट मांडला, वाटीत भंडारा ठेवला आन म्हनाले, ज्याला माझ्या गाडीचा आवाज येतो त्यानं उचलावा.

गेनू पांढरा पडला. मला वाटलं, हाच का मग? पर तो भ्यायला न्हवता, त्याला लाज वाटली होती. भावकीतल्या थोरल्या मानसानं आपल्यावर असा आळ घ्यावा म्हनून. त्यानं हात धुतले, पाटापाशी बसला, भंडारा उचलून कपाळाला लावला आन हळू म्हनाला, नाना, तुमची गाडी वाजते. म्या कुनाला काय सांगितलेलं न्हाई. उलट लोकांना म्हनायचो, बसा नानांच्या गाडीत, ते बघून घेतील.

नाना म्हनाले, काय म्हनाला? मोठ्यानं बोल.

त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. पप्पूनं बी उचलला. ब्रेकच्या पंपाचं सांगितलं ते खरं हाय का म्हनून नानांनी त्याला वेगळं इचारलं, त्यावर त्यानं पुन्हा उचलला. आता नानांच्या कपाळावर घाम होता. ते माझ्याकडं वळले.

म्हनाले, तू बी उचल.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतकी वर्सं ह्यांच्या ताटात वाढलं, ह्यांची आजारपनं काढली, आन आज परक्यांच्या रांगेत उभी केली. एकदा वाटलं वाटी उधळून द्यावी. पर म्या उचलला. उचलला आन म्हनलं, ऐका आता. तुमची गाडी खिंडीच्या खालच्या वळनावर आली की मला चुलीपाशी कळतं. त्या आवाजावर मी भाकरी टाकते. त्याच्यावर माझा जीव टांगनीला लागतो, की आज पट्टा तुटतोय का उद्या. हे खोटं असंल तर खंडोबा माझं घर ठेवायचा न्हाई.

मी ओरडूनच बोलले होते, तवा ते नानांना एका दमात कळलं असनार. ते वाटीकडं बघत बसले. तिघांनी भंडारा उचलला होता. मानसावर संशय घेता येतो. भंडाऱ्यावर कसा घ्यायचा? त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला तवा कळलं न्हाई, पर तोंडावरचा राग गेला होता आन त्या जागी कसलीशी भीती आली होती. तसलं तोंड म्या कदी बघितलं न्हवतं.

उठले, आंगनात गेले, गाडी चालू केली आन बॉनेट उघडलं. पप्पूच्या पिशवीतला लांब स्क्रूड्रायव्हर सोताच घेतला, टोक अल्टरनेटरवर टेकवलं, मूठ कानाला लावली. न्हाई. दुसऱ्या कानाला लावली. न्हाई. मग आत अंधार होता म्हनून मोबाईलची बॅटरी लावली, दुसऱ्या हातानं गाडीची कड धरली आन स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली. ड्रायव्हर मानूस, हात भरले की सगळं दातांत धरतो. टोक पुन्हा अल्टरनेटरला लागलं.

नाना तसेच थांबले. डोळे मोठे झाले. दातांतनं मूठ सोडली, थांबले, पुन्हा धरली. पुन्हा सोडली. पुन्हा धरली. मी ओरडले, अवो, पट्ट्यात तोंड जाईल तुमचं. त्यांनी मला हातानं गप केलं. दात घट्ट आवळून ते ऐकत होते, आन डोळ्यांतनं पानी गालावर आलं होतं. पप्पू माझ्याकडं बघायला लागला, गेनू जमिनीकडं.

मग त्यांनी गाडी बंद केली. आंगन शांत झालं. स्क्रूड्रायव्हर पुसून पप्पूला दिला. म्हनाले, आवाज हाय. लई हाय. दातांत धरला की डोस्क्यात वाजतो, सोडला की कायच न्हाई.

नाना येऊन ओट्यावर बसले आन मला म्हनाले, तू आन नूतन, तुमी कुजबुजत न्हाई व्हय?

म्या म्हनलं, न्हाई वो. आमी तर वरडत असतो.

मला इतका राग आला होता, आन कुनावर काढावा तेच कळंना. ह्या मानसाला ऐकू येत न्हवतं. मी हाका मारत होते आन त्या पोचत न्हवत्या. त्याला वाटत होतं सगळं घर आपल्याशी बोलायचं थांबलंय, आपल्या मागं बोलतंय. सांगायचं ना मानसानं, की बाई, जरा मोठ्यानं बोल. पर सांगनार कसं, त्यालाच ठाऊक न्हवतं. आपल्या कानावर तेवढा ह्यांनी कदी संशय घेतला न्हाई.

त्यांनी खिशातनं गाडीची किल्ली काढली. गेनूपुढं धरली. गेनू मागं सरला, म्हनाला, नाना, असं नका करू. नाना म्हनाले, गाडीला काय झालंय ते पप्पू बघंल. मला काय झालंय ते आदी बघू दे. तवर माझ्या मागं लेकरं बसायची न्हाईत. तू मला उद्या भोरला ने.

दुसऱ्या दिशी आमी गेनूच्या गाडीतनं भोरला गेलो. नाना लई वर्सांनी दुसऱ्याच्या गाडीत डाव्या बाजूला बसले होते. उतार आला की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा, तितं ब्रेक नसताना. गेनूच्या ते ध्यानात आलं होतं. तो उतारावर लई हळू घेत होता.

कानाच्या डॉक्टरनं तपासलं. तरुन होता, चांगला बोलत होता, मोठ्यानं. म्हनाला, कानाच्या आत एक अगदी बारीक हाड असतं, ते हललं की आवाज आत पोचतो. तुमचं ते जखडलंय, दोन्ही कानांत. दातात धरलं की आवाज कवटीच्या हाडातनं सरळ आत जातो, म्हणून तुम्हाला इंजिन ऐकू आलं. गाडीत माणसांचं ऐकू येतं, कारण गाडीत सगळेच ओरडून बोलतात. घरात कोण ओरडतं? नाना म्हनाले, आमची मंडळी वरडते. डॉक्टर हसला. म्हनाला, ऑपरेशननं बहुतेकांना फरक पडतो, पुण्याला करावं लागेल. तोवर प्रवासी बसवू नका. फरक पडंलच असं लिहून देता का म्हनून नानांनी इचारलं. डॉक्टर म्हनाला, तसं कुणीच लिहून देत नाही. मला वाटलं आता नाना उठनार, दुसरा डॉक्टर शोधनार, ह्याला कुनी फोन केला होता का इचारनार. नाना बसून ऱ्हायले. मग म्हनाले, पुण्याची तारीख सांगा.

येताना भोरातनंच बेरिंग घेतलं. दुकानदारानं नवं पाकीट फोडून दिलं. नानांनी ते उलटंपालटं करून बघितलं, बोटावर फिरवून बघितलं. तेवढं तर करनारच.

जीप पप्पूनं रविवारीच हळूहळू वेल्ह्यात नेऊन ठेवली होती, तितं त्यानं अल्टरनेटर खोलला. आतलं जुनं बेरिंग निघालं ते तापून निळं पडलेलं होतं. पप्पू म्हनाला, नाना, आठवडाबी गेलं नसतं. नानांनी ते हातात घेतलं आन ठेवून दिलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. माझ्या डोळ्यांपुढं पद्मजाबाई आन त्या दोन पोरी येत होत्या. नवं बेरिंग बसलं, पट्टा चढला. गेनूनं गाडी चालू केली, एक्सलेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

आवाज गेला होता. नुसतं इंजिन, साधं, भरदार. बाजारातली दोन-चार मानसं बघायला थांबली होती. सगळ्यांचं लक्ष नानांकडं. पप्पूनं तो लांब स्क्रूड्रायव्हर ह्यांच्यापुढं केला, म्हनाला, बघा, सोता खात्री करा.

नानांनी हात पुढं केला न्हाई. दुधात बोट बुडवनारा हा मानूस, लग्नाआदी मला आडावर चालवून बघनारा. ते माझ्याकडं वळले आन त्यांनी इचारलं, गेला का?

मी मोठ्यानं म्हनलं, गेला.

नाना म्हनाले, बरं. आन त्यांनी बॉनेट लावून टाकलं.